पापडांखालच्या गोळ्या

पेण, ११ जून २०२५

ती. रोहिणीताईंस अनिताचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. फोनवर भांडण झालं असतं, आणि फोन करायच्या वेळी हे घरातच असतात. लोक लांबून पापड न्यायला पेणला येतात आणि तुम्ही रोह्याहून पेणला पापड पाठवता! चार महिने मी हसत होते, म्हटलं बहिणीची माया. काल डबा रिकामा केला तर तळाशी झोपेच्या गोळ्यांच्या पाच पट्ट्या.

हे म्हणाले, गणपतीचे डोळे आखताना हात थरथरतो, गोळी घेतली की थांबतो. आखणीवाल्याचा हात थरथरला तर कारखान्यात कोण ठेवील, हे मलाही कळतं. पण आता दिवसाला चार लागतात, ताई. जेवता जेवता झोपतात. मी सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. तुम्हाला राग आला तर येऊ दे.

भावोजींना नमस्कार. माया करा, पण डब्यातून नको.

तुमची अनिता

रोहा, १५ जून

चि. सौ. अनितास अनेक आशीर्वाद.

राग कसला, माझीच मान खाली गेली. गोळ्या आमच्या ह्यांच्या. धाटावच्या कंपनीत रात्रपाळी, दिवसा झोप नाही, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्या. माघी गणपतीला पुंडलिक आला तेव्हा त्याच्या हातून चहा सांडला. माझ्या भावाचा हात! अर्धी दिली, तर थरथर थांबली. मग तो मागत गेला, मी पाठवत गेले. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी जुनी की नवी बघत नाही.

टाकल्यास ते बरं केलंस. चार दिवस चिडचिड करील, मग निवळेल. मला मात्र टाकू नकोस.

तुझी रोहिणीताई

पेण, २० जून

ती. रोहिणीताईंस सा. न.

मी बरं नाही केलं. शनिवारी कारखान्यातच ह्यांना आकडी आली. रंगाच्या वाट्या अंगावर, तोंडाला फेस. तुम्हाला कळवलं नाही, तेव्हा तुमचं नावही नको होतं. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस घेतलेल्या गोळ्या एकदम बंद केल्या की असं होतं, जिवावरही बेततं. त्या हळूहळू उतरवायच्या, कित्येक महिने.

म्हणजे ज्या मोरीत ओतल्या त्याच आता मी मोजून देते. हे हात पुढे करून बसतात, लहान मुलासारखे. डोळे आखायला मालकांनी दुसरा माणूस ठेवलाय. मी फार थकले हो, ताई. भावोजी रोज घेत असतील तर तुम्ही माझ्यासारखं करू नका, डॉक्टरांना दाखवा. आम्हाला पुढच्या शुक्रवारी परत बोलावलंय.

तुमचीच, अनिता

रोहा, २४ जून

चि. सौ. अनितास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. पुंडलिकला काही झालं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं?

गोळ्या ह्यांच्या नाहीत. चिठ्ठी माझ्या नावाची आहे. हे रात्रपाळीला जायचे, घरात एकटीला डोळा लागायचा नाही. सहा वर्षं झाली, अनिता. पुंडलिक घ्यायला लागला तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. वाटलं, आपण एकट्याच नाही, म्हणजे यात वाईट काही नसेल. हे लिहितानाही लाज वाटते.

शुक्रवारी पहिल्या एसटीने राहायच्या तयारीने येते. ह्यांना अजून काही माहीत नाही, आल्यावर तुझ्यासमोर फोन करून सांगेन. मलाही त्या डॉक्टरांकडे घेऊन चल. आणि पुंडलिकची गोळी मोजशील तेव्हा माझीही मोज. मी मोठी म्हणून हक्कानं मागेन, रडेन, तुला वाट्टेल ते बोलेन. मोजलेल्यापेक्षा जास्त देऊ नकोस.

तुझी रोहिणी