कोपऱ्यात उभा राहणारा ॲक्टर

१४ फेब्रुवारी २०१६, रविवार. उदगीर.

दालमिलच्या मालकानं ह्या सालची डायरी पाठवली. बत्तीस वर्षं तिथं मुकादमी केली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी डायरी येती. आजवर माझी बायको उमा तिच्यात भजनं लिहायची. ह्या साली मी लिहिणार. विषय एकच, हिंदी पिक्चर. पेपरात पिक्चरबद्दल जे लिहितात ते लई फापटपसारा करतात. मी सातवी नापास, पण डोळा हाय. मुठीत तुरीची डाळ घेतली की सांगायचो, फटका हाय का सवा नंबर. फटका म्हंजी एकदम वरचा माल. त्याच्या खाली सवा नंबर. आणि शेवटी उरती ती चुनी, जनावराला घालायची. पिक्चरलाबी हेच तीन नंबर. एका पिक्चरला दोन ओळी. जास्ती न्हाई.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार.

'जिगर का जुर्माना'. आमच्याच टॉकीजला, दुपारचा शो. हिरो रेहान सबरवाल. चुनी.

दोन ओळीत मावंना, म्हणून पुढं लिहितो. आजकालच्या पिक्चरमधी धुकं लई. घरात धुकं, कोर्टात धुकं, भर दुपारी वाळवंटात धुकं. दिवा लावला की दिव्याभोवती रंगीत कडं. कॅमेरावाल्याला बोलणारं कुणी हाय का न्हाई? आमच्या येळंला हिरोच्या कपाळावरचा घाम मोजता यायचा. आणि डबल रोल कशापायी ठेवला ते कळलं न्हाई. घरी सांगितलं तर विरूपाक्ष, म्हंजी माझा पोरगा, म्हणाला, अप्पा, डबल रोल न्हाई, ते दोन येगळे ॲक्टर हायत. मी म्हणलं, मग येगळं दिसायचं काम त्यांचं का माझं?

एक मात्र फटका. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खालच्या अंगाला एक माणूस उभा असतो. काळे कपडे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक शब्द बोलत न्हाई. हिरो नाचतो, हा उभा. हिरोची आई मरती, हा उभा. ह्याला म्हणतात ॲक्टिंग. नाव वाचावं म्हणलं तर शेवटची पाटी सरसर पळाली. मोठ्या माणसाचं नाव असंच बारीक लिहितात.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार.

'इंतकाम वाया बँकॉक'. दुसरी कंपनी, दुसरा हिरो. कोपऱ्यात तोच माणूस! बँकेवर दरोडा पडला, गोळ्या सुटल्या, गडी जागचा हलला न्हाई. मग लग्नाचं गाणं. शंभर पोरी नाचायल्या आणि हा तसाच. मनात काय दुःख असंल कुणास ठाऊक. माझ्या डोळ्यात पाणी आलं. तसं आजकाल डोळ्यात पाणी येतंच. धूळ लई.

पिक्चर चुनी. तो माणूस फटका.

आज नवव्या दिवशी गल्लीत टँकर आला. उमा दोन घागरी आणि एक ड्रम घेऊन रांगेत थांबली. दोघांनी थांबून काय उपयोग, म्हणून मी शोला गेलो. उद्यापास्नं मीबी थांबत जाणार.

२७ फेब्रुवारी.

आज टँकरच न्हाई. मी काय करू.

७ मार्च, सोमवार. महाशिवरात्र.

देवळात माणिकप्पा दिसला. दालमिलमधला जुना जोडीदार, आता 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' समितीचा अध्यक्ष. मी वाकून 'शरणार्थी' म्हणलं, आमच्या लिंगायतांचा नमस्कार. उत्तर न्हाई. दुसऱ्यांदा म्हणलं. उत्तर न्हाई. जिल्हा व्हायच्या आधीच एवढी गुर्मी. उमानं दंडाला धरून बाजूला घेतलं. म्हणाली, अहो, दानपेटी हाय ती. माणिकप्पा कवाच घरी गेला.

दानपेटीला रंग काळा कुणी दिला, हा खरा प्रश्न हाय.

९ मार्च.

उमा आणि विरूपाक्ष, दोघांनी मिळून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू, पिकलाय, आधी उजवा काढू. मी म्हणलं, मला सगळं दिसतं. त्यानं बोटं दाखवून विचारलं, किती? मी म्हणलं, तीन. उमा कपाळाला हात लावून बसली. डॉक्टरला धंदा करायचा असतो, बोटं हलवत असणार.

ऑपरेशननंतर पंधरा दिवस डोळ्याला पाणी लागू द्यायचं न्हाई म्हणतो. उदगीरात पाणी हाय कुठं लागायला? त्याचं हे एकच बोलणं पटलं. बाकी सगळं फॅड. ऑपरेशन करणार न्हाई.

आणि डायरीच्या कंपनीनं ह्या साली रेघा लई फिक्या छापल्यात. लिहिताना ओळीवर ओळ चढायली.

२० मार्च, रविवार. लातूर.

पाव्हण्याच्या साखरपुड्याला आलो. तिथून सटकून नव्या एसी टॉकीजला गेलो. 'जिगर का जुर्माना' परत बघितला, खास त्या माणसासाठी. कोपऱ्यात न्हाई! डावीकडं बघितलं, वर बघितलं. न्हाईच. लातूरवाल्यांनी त्याचा रोल कापला. जिल्हा आपल्याकडं हाय म्हणून काहीबी कापायचं? शेजारच्या पोरीला विचारलं, बाई, कोपऱ्यातला माणूस कुठं गेला? ती उठून दुसऱ्या खुर्चीवर बसली. तिलाबी वाईट वाटलं असणार.

उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. आज पटलं.

३ एप्रिल, रविवार.

मोठी बातमी. रेहान सबरवाल उदगीरला येणार. दुष्काळ बघायला. २४ तारखेला पलीकडच्या खेड्यात टिकाव मारणार, फोटो काढणार, जाता जाता आमच्या चौकात पाच मिनिटं थांबणार. माणिकप्पा धावत घरी आला. म्हणाला, मंत्र्यासंगं त्या हिरोचा फोटो हाय, जिल्ह्याचं निवेदन त्याच्याच हातात द्यायचं. पण समितीत कुणी पिक्चर बघत न्हाई. हिरो कोण आणि त्याचा बॉडीगार्ड कोण, कळणार कसं? गुंडप्पा, तूच हार घालायचा.

मी म्हणलं, मला असला सत्काराचा थाट आवडत न्हाई. मग हो म्हणलं.

दाराआडून उमा बाहेर आली. माणिकप्पासमोरच म्हणाली, भाऊजी, तुम्ही साक्षीदार. ह्यांनी बरोब्बर हिरोच्या गळ्यात हार घातला तर मी जन्मात ऑपरेशनचं नाव काढणार न्हाई. चुकले, तर त्याच आठवड्यात दवाखाना. मी म्हणलं, कबूल. त्या पोराची चाल, आवाज, सगळं मला पाठ हाय. माणिकप्पानं आमच्या दोघांकडं बघितलं आणि चहा न पिताच गेला.

८ एप्रिल. पाडवा.

फुलं मिळंनात. सगळ्या बागा वाळल्या. उमानं पाडव्याच्या साखरेच्या गाठ्यांचा हार राखून ठेवला. म्हणाली, ह्योच घाला हिरोला. मला वाटलं टोमणा हाय. पण माणिकप्पानं पास केला.

ठरवलेलं: एक, भाषण न्हाई. दोन, हार, शाल, निवेदन, बास. तीन, हिरोला तोंडावर सांगायचं की बाबा, धुकं कमी कर. चार, कोपऱ्यातल्या माणसाचं नाव विचारायचं. हे चौथं लई महत्त्वाचं.

१५ एप्रिल.

सराव. विरूपाक्षला दारात उभं करून हार घालून बघितला. पहिल्या तीन बारी बरोबर. चौथ्या बारीला तो ऑफिसला निघून गेला होता, तवा हार खुंटीवरच्या रेनकोटला पडला. हे उमाला सांगितलं न्हाई.

२० एप्रिल.

उमाला वाटतं मी भ्यालो. शेजारणीला म्हणत होती, दोन वर्षं झाली, माझं तोंड धड दिसंना ह्या माणसाला. परवा भाकरी वाढली तर मला 'बाई, तुमच्या घरचे कुठं गेले' म्हणून विचारलं. तो अंधार होता. आणि तिनं नवं लुगडं नेसलेलं. नवं लुगडं नेसायच्या आधी सांगायला पाहिजे.

एक खरं लिहितो. ऑपरेशनला मी भीत न्हाई. डोळा उघडला आणि तरीबी डाळीतला फरक कळला न्हाई तर काय, एवढंच कधी कधी मनात येतं. पण हे फिजूल. रविवारी जिंकणार.

२४ एप्रिल, रविवार. सकाळी ८.

धोतर, टोपी, कपाळाला विभूती. हार केळीच्या पानात, पान डब्यात, मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवला. अर्धी घागर खर्ची पडली. उमानं घागरीत डोकावून बघितलं. आज बोलायला तिच्याकडं काही उरणार न्हाई.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.

जसं झालं तसं लिहितो.

दीडला येणार होता. साडेतीन वाजले. चौकात सगळं गाव. ऊन असं की समितीचा बॅनर सुतळीसकट वाकला. गाठ्या विरघळून माझ्या मनगटावर आल्या. तेवढ्यात मागून एकच गलका उठला. आला रे आला! शिट्ट्या. बाया पळायल्या, माणसं पळायली, कुणाची चप्पल कुणाच्या पायात. आयुष्यात एवढी गर्दी एका हिरोमागं बघितली न्हाई. धूळ उडाली आणि धुळीतनं मोठी गाडी आली. माणिकप्पा मागून काहीतरी ओरडत होता. जोर दे, म्हणत असणार, म्हणून मी जोर दिला.

गाडीचं दार उघडलं. उंच गडी, काळा गॉगल, गळ्यात रुमाल. तीच चाल. मी हार घातला. शाल घातली. निवेदन हातात दिलं. म्हणलं, साहेब, एक फर्माईश हाय, उदगीर जिल्हा करा. तो म्हणाला, करू की काका. आवाज गावरान वाटला, पण मी म्हणलं, दुष्काळ बघायला आलाय, भाषा शिकून आला असंल. केवढा साधा माणूस. मग धुक्याचं सांगितलं. तो म्हणाला, हाव, धूळ लई हाय रस्त्याला. मग विचारलं, तुमच्यासंगं कोपऱ्यात उभा राहतो, एक शब्द बोलत न्हाई, तो माणूस कोण? तो मागं वळून म्हणाला, तो व्हय? ज्ञानोबा. क्लीनर हाय. मुकाच हाय बिचारा, पाइप धरतो.

माझ्या अंगावर काटा आला. क्लीनरचा ॲक्टर झाला!

तेवढ्यात उमा पुढं आली, हातात दोन घागरी. म्हणाली, अहो, सरका जरा, नळीखाली घागर लावू द्या.

टँकर होता. बाराव्या दिवसाचा. मी टँकरच्या ड्रायव्हरला हार घातला.

हसणं किती येळ चाललं ते लिहीत न्हाई. ड्रायव्हरचं नाव व्यंकटी. तो मात्र हसला न्हाई. गॉगल काढून म्हणाला, काका, पंधरा वर्षं गाडी हाकतो. जिथं जाईन तिथं शिव्या. हार पहिल्यांदाच.

हिरो चारला आला. काच खाली केली न्हाई. हात हलवला म्हणतात. मला हातबी दिसला न्हाई.

२५ एप्रिल.

उमानं पिशवी भरून दारात ठेवलीया. टॉवेल, तांब्या, दोन सदरे. मी म्हणलं, हिरोनं काच खाली केली न्हाई, म्हणजे हार कुणालाच घालता आला नसता, म्हणून शर्त रद्द. ती म्हणाली, सुम्म बसा, गप.

माणिकप्पा निवेदन परत मागायला व्यंकटीकडं गेला. व्यंकटी म्हणाला, माझी रोज तहसीलला फेरी हाय, मी पोचवतो.

२८ एप्रिल.

उजवा डोळा झाला. दहा मिनिटं. कळलंबी न्हाई. उगं एवढा बाऊ केला ह्या लोकांनी.

९ मे, सोमवार. बसव जयंती.

पट्टी कवाच निघाली, आज हिरवं कापडबी काढलं. भिंतीला भेगा हायत. एवढ्या? रेनकोट निळा हाय, मी काळा समजत होतो. उमाच्या डाव्या भुवईत पांढरा केस हाय. तिला सांगितलं. ती म्हणाली, एवढंच दिसलं का? मग पदरानं तोंड पुसून आत गेली आणि लई येळ बाहेर आली न्हाई.

सकाळी टँकर आला. काचेच्या आत गाठ्यांचा हार लटकतोय, अर्धा मुंग्यांनी नेलेला. काचेची खडखड थांबावी म्हणून फटीत निवेदन घडी करून खोचलंय. व्यंकटी आता सगळ्यात आधी आमच्या गल्लीत येतो. उमा म्हणाली, तुमच्या चुकीचा चाळीस वर्षांत पहिला फायदा.

मागची पानं वाचायला घेतली. ओळीवर ओळी. 'धुकं' तेवढं वाचता आलं.

२० मे, शुक्रवार.

उमाला संगं घेऊन आमच्याच टॉकीजला गेलो. रेहान सबरवालचा नवा, 'आधा शहर पूरी मोहब्बत'. तिला म्हणलं, हिरोकडं बघूच नको, कोपऱ्यातल्या माणसाकडं बघ. असला ॲक्टर ह्या देशात न्हाई.

पिक्चर सुरू झाला. धुकं न्हाई. हिरोचे दात दिसले, घाम दिसला. मी कोपऱ्यात बघितलं.

ताडपत्रीचं ठिगळ. काळं, पुरुषभर उंच, सुतळीनं शिवलेलं. दारावरच्या माणसानं सांगितलं, दोन वर्षांमागं गारपिटीत वरचा पत्रा पडून पडदा फाटला, मालकानं आपलं जमंल तसं शिवून घेतलं.

उमानं ठिगळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हसणार. हळूच म्हणाली, उभं मात्र चांगलं राहतंय हो. इंटरव्हलला उठली न्हाई. शेवटपर्यंत आम्ही दोघं कोपऱ्यातच बघत बसलो.

हिरो: चुनी.
ठिगळ: फटका.

दोन ओळीत मावलं.