आम्हा दोघींची मतं

अप्पा,

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, त्यामुळे तुम्हाला ठाऊक नाही की मी आता भारतीय नागरिक नाही. इथल्या २०११च्या मोठ्या भूकंपानंतर काही वर्षांनी मी जपानचं नागरिकत्व घेतलं. नवऱ्याने स्वतःचा पासपोर्ट तसाच ठेवला. मला म्हणाला, "व्हिसावर मस्त चाललंय की सगळं. फक्त व्होटसाठी सरेंडर करतेस?" मी म्हटलं, हो, फक्त त्यासाठीच. त्सुकुबा शहरातल्या संशोधन संस्थेत मी माती तपासते. भूकंपात झालेल्या अणुवीज केंद्राच्या अपघातानंतर मातीत काय उतरलं ते मला आकड्यांत दिसत होतं आणि त्यावर बोलायचा मला काडीचा हक्क नव्हता. त्याचा फार राग यायचा.

तुम्ही शाळामास्तर, त्यामुळे दर निवडणुकीला ड्युटी ठरलेली. एकदा एका वाडीवर दिवसभर बसलात आणि एकही माणूस फिरकला नाही. रस्ता मिळत नाही म्हणून सगळ्यांनी बहिष्कार घातला होता. रिकामी मतपेटी नियमाप्रमाणे सील करून तुम्ही परत आलात. स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही चहा पिताय, आई भाकरी थापतेय, आणि मी तिला विचारते, "तू कुणाला मत दिलंस गं?" तुम्ही कप खाली ठेवता. "हे विचारायचं नसतं. मीसुद्धा तिला कधी विचारलेलं नाही." एवढंच म्हणालात, पण मला रडू आलं. उगाच डाफरता असं वाटलं होतं.

आम्ही राहतो ते गाव त्सुकुबापासून गाडीने चाळीस मिनिटांवर, डोंगराच्या पायथ्याशी आहे. निम्मी घरं बंद. इथे आजोबा-पणजोबांच्या काळापासून एकाच घराला मत द्यायची रीत आहे, आणि मागच्या दोन खेपांना त्या घरातला मुलगा बिनविरोध नगराध्यक्ष झाला, म्हणजे मतदानच झालं नाही. शेजारच्या आजी ओकच्या ओंडक्यांवर अळंबी पिकवायच्या. अपघातानंतर किरणोत्सर्ग आढळला म्हणून त्यांचे सगळे ओंडके उचलून नेले, तेव्हापासून त्यांनी मत देणं सोडलं. यंदा एक निवृत्त नर्स उभी राहिली. रानातल्या मातीतला किरणोत्सर्ग पुन्हा मोजा, एवढंच तिचं मागणं. मी महिनाभर आजींच्या मागे लागले. त्या म्हणायच्या, "काय फरक पडणार आहे? आणि इथे सगळ्यांना सगळं कळतं." मी म्हणायचे, "मत गुप्त असतं, आजी." शेवटी म्हणाल्या, "तुम्ही जाणार असाल तर येते."

मतदानाच्या आठवडाभर आधी गावच्या सभागृहात नगराध्यक्ष भेटले. माझा हात दोन्ही हातांत धरून, कमरेत वाकून म्हणाले, "आता तुम्ही आमच्याच." जपानमधल्या सोळा वर्षांत हे वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं. घरी येताना मी गाडीत रडले, आणि त्याची लाजही वाटली.

मतदान शाळेच्या व्यायामशाळेत होतं. मतदारांपेक्षा टेबलांमागची माणसंच जास्त. इथे शिक्का नसतो, यंत्र नसतं. उमेदवाराचं नाव आपल्या हाताने पेन्सिलीने लिहायचं असतं. आजी आधी बाहेर आल्या आणि माझ्यासाठी थांबून राहिल्या. पार्किंगमध्ये पोचल्यावर हळूच म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा दुसरं नाव लिहिलं." मी त्यांचा हात धरला. नर्स फार मोठ्या फरकाने हरली. दुसऱ्या दिवशी आजी मुळा घेऊन आल्या आणि हसून म्हणाल्या, "असू दे. आपण दोघी तर होतो ना." मी म्हटलं, "हो."

अप्पा, मी नगराध्यक्षांचं नाव लिहिलं. कोणी बघत नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. मातीचे आकडे मला तोंडपाठ आहेत. तरी पेन्सिल हातात घेतली आणि त्यांचंच नाव लिहिलं, नीट, वळणदार अक्षरात. पुढच्या वेळी वेगळं लिहीन असंही मला वाटत नाही.

हे सांगायचं तर आजींना सांगायला हवं. त्या कुंपणापलीकडेच राहतात, आत्ता अंगणात कपडे वाळत घालताहेत. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्हाला हे पोचणार नाही.