न मारलेल्या दगडाची माफी

शुक्रवार, ६ जून
शाळा लवकर सुटली. पोरं राजधानीत, आपियाला, रग्बीच्या सामन्याला गेली. आमच्याच घराण्यातला पेनिएली एकटा मागे राहिला — चर्चची पाण्याची टाकी धुवायची होती. तो आत उतरला, मी वरून बादल्या ओढल्या. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजेपर्यंत. आतून त्याचं गाणं घुमत होतं. बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत चिखल! म्हणाला, "सर, परदेशी सुवाला डॉक्टरी शिकायला गेलो की पहिली गरम पाण्याची अंघोळ." शाळेनं शिष्यवृत्तीसाठी त्याचं नाव पुढे पाठवलंय. आमच्या गावातून पहिलंच.

शनिवार, ७ जून
काल आपियाच्या बस स्टँडवर आमच्या आणि पलीकडच्या गावच्या शाळेच्या पोरांत दगडफेक झाली. त्यांच्या याकोपो नावाच्या मुलाचा डावा डोळा गेला. देवा, लेकराला सांभाळ.
दुपारी बायकोनं, लुसियानं, तिचा फोन माझ्यापुढे धरला. "हे बघा. आपला पेनिएली!" फेसबुकवर 'बाजारातली खबर' म्हणून एक पान कोणीतरी चालवतं. कोण, ते कोणालाच माहीत नाही. त्यावर दगड मारणाऱ्या मुलाचा व्हिडिओ, पाठमोरा — आमच्या शाळेची लुंगी, पांढरा शर्ट. पाठमोरी सगळी पोरं सारखीच! आणि शेजारी पेनिएलीचा बक्षीस समारंभातला फोटो, गळ्यात हार. खाली लिहिलंय: "हाच तो. म्हणे हुशार!"
मी लिहिलं — हा मुलगा त्या वेळी माझ्यासोबत चर्चच्या टाकीवर होता.
उत्तरं आली. "मास्तर, टाकीत मासे किती मिळाले?" "घरातलाच माणूस. घरच्यासारखंच बोलणार."

रविवार, ८ जून
चर्चमध्ये पेनिएलीच्या बाकावर त्याची आई सोडून कोणी बसलं नाही. ऑकलंडहून मेहुण्याचा फोन: "पोराला लपवताय कशाला?" तिथपर्यंत पोचलं!

सोमवार, ९ जून
गालुवाओंनी बोलावलं. आमच्या घराण्याचे प्रमुख, ऐंशी उलटलेत. पंख्यानं माश्या हाकलत म्हणाले, "त्यानं मारला नाही. तू सांगितलंस, माझ्यापुरतं संपलं. पण याकोपोचे मामा कोयते घासून बसलेत. त्यांना जाऊन तुझ्या टाकीची गोष्ट सांगू?"
म्हणजे चटई, माफी मागायची आमची जुनी रीत. पहाटे त्यांच्या दारात डोक्यावर महीन चटई घेऊन बसायचं, ते उचलेपर्यंत.
मी म्हटलं, "आपण माफी मागितली तर त्यानं केलं असंच होईल."
"माफी म्हणजे कबुली नव्हे रे. माफी म्हणजे पेनिएलीच्या आईचं घर जळत नाही. खरं काय ते मागाहून सांगू. आणि बोलायचं तू. घराण्याचा वक्ता तू आहेस, मी नाही."
मी कबूल झालो. ठरवलं — त्यांच्या दुःखाबद्दल बोलायचं, पेनिएलीचं नाव काढायचं नाही.

मंगळवार, १० जून
उजाडायच्या आत त्यांच्या अंगणात बसलो. गालुवाओ चटईखाली. मागे आम्ही, माना खाली. पेनिएली माझ्या डावीकडे. खडी गुडघ्यांत रुतत होती. घरात माणसं चालत होती, बाहेर कोणी येत नव्हतं. एक मामा उंबऱ्यावर येऊन थुंकला आणि आत गेला. उन्हं वर आली. मग याकोपोची आई आली. तिनंच चटई उचलली. म्हातारा घामानं निथळत होता.
मी उठलो, बोलायला लागलो. पण अशा भाषणाची वाट ठरलेली असते — वडिलांकडून शिकलो, त्यांनी त्यांच्या वडिलांकडून. शब्द आपोआप येतात. आणि आले! "आमच्या लेकराच्या हातून जे घडलं..." तोंडातून गेलं. परत कसं घेणार? शेजारी पेनिएलीनं मान वर केली, पुन्हा खाली घातली.
त्यांनी क्षमा केली. भाजलेलं डुक्कर दिलं. मामा रडला. मला मिठी मारून रडला.

बुधवार, ११ जून
कोयते नाहीत, आग नाही. देवाचे आभार. झोप मात्र नाही.

शुक्रवार, १३ जून
कोणीतरी झाडाआडून चित्रण केलं होतं. 'बाजारातली खबर'वर टाकलंय. वर मोठ्या अक्षरांत: "कबुली!"
माझाच आवाज. बसमध्ये पोरं तो लावतात. दुकानात दुकानदारीण लावून बसली होती. मला बघून बंद केला. वर्गात हजेरी घेताना मला तो ऐकू येतो. प्रार्थनेला तोंड उघडतो आणि तोच येतो — आमच्या लेकराच्या हातून, आमच्या लेकराच्या हातून. लुसिया म्हणते, "झोपेतही बोलता तुम्ही."

मंगळवार, १७ जून
मुख्याध्यापिकाबाईंनी त्याचं नाव मागे घेतलं. मी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे आवाज चढवला. त्या म्हणाल्या, "मास्तर, सगळ्या देशानं ऐकलं. तुम्हीच म्हणालात ना? मग मी काय करू?"
काय करणार त्या!

गुरुवार, १९ जून
गालुवाओंकडे गेलो. म्हटलं, मागाहून सांगू म्हणाला होतात. आता सांगू या.
त्यांनी पंखा खाली ठेवला. मग म्हणाले, "कसं सांगणार? त्या बाईनं स्वतःच्या हातानं चटई उचलली. तिला सांगू — तू फुकट क्षमा केलीस, आम्ही नाटक करत होतो? डोळा गेला तो गेलाच, वर थट्टा?"
"मग पेनिएलीचं काय?"
"म्हातारा झालो रे मी," म्हणाले. एवढंच.

शनिवार, २१ जून
ठरलं. उद्या साक्ष द्यायच्या वेळी मी चर्चमध्ये उभा राहणार. टाकीपासून सगळं सांगणार. लुसियानं काही विचारलं नाही, पांढरा कोट इस्त्री करून ठेवला.
पेनिएलीला आधी सांगावं म्हणून गेलो. नारळ सोलत होता. हात न थांबवता म्हणाला, "नको, सर. तुम्ही उभे राहिलात की गालुवाओ खोटे, तुम्ही खोटे, ती चटई खोटी. मामा परत कोयते उचलतील. आई याच घरात झोपते."
"आणि तू?"
"तुम्हाला ठाऊक आहे ना मी कुठं होतो? मग झालं."
मी म्हटलं, झालं नाही. उद्या मी बोलणारच.
त्यानं माझ्याकडे बघितलं. हसला जरासा. सोललेला नारळ हातात दिला.

रविवार, २२ जून
मी उठायला बाकाला हात टेकला, तोवर पेनिएली उभा होता. म्हणाला, "दगड मीच मारला. देवानं मला क्षमा करावी."
सगळी मंडळी म्हणाली, आमेन.
मीही.