आईच्या कपाटातला वास

५ फेब्रुवारी

चि. गुंड्यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र नाही, फोन नाही. तिकडे प्रयोगशाळेत बुरशीशीच लग्न लावलंस की काय? इथे सगळं ठीक. शिवणाची गिऱ्हाइकं येतात, तेवढंच काय ते बोलणं.

एक गंमत सांगते. आईच्या कपाटाला हल्ली तिच्या बडीशेपेच्या गोळ्यांचा वास येतो. ती जाऊन दोन वर्षं झाली, तरी तो वाढतोच आहे. संध्याकाळी मी कपाट उघडून समोर बसते आणि तिला दिवसभराचं सांगते. आईचा वास आहे रे अजून या घरात. ताईचं डोकं फिरलं म्हणशील, म्हणून मागच्या फळीचा ढलपा सोबत ठेवते आहे. नखानेच निघाला. हुंगून बघ.

रागावले असले तरी जीव तुझ्यातच आहे.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाकीट फोडलं आणि आईच खोलीत आली असं वाटून मी खुर्चीतून उठलो. मग ढलपा तपासला. ताई, त्यात लाकूड कुजवणारी बुरशी आहे. ती जी रसायनं तयार करते, त्यातल्या अ‍ॅनिसाल्डिहाइडला असा बडीशेपेसारखा वास असतो. आम्ही इथे तेच वेगळं करून बाटलीत भरतो.

तुला हे कळवायला हात धजत नव्हता. पण कपाटामागे ओल असणार. बुरशी जमिनीच्या फळ्यांत उतरली, तर एक दिवस पाय खाली जाईल आणि तू घरात एकटी. सुताराला बोलाव. कपाट बाहेर काढच.

शिव्या दे, पण अबोला धरू नकोस.

तुझा गुंड्या

९ मार्च

चि. गुंड्यास अ. आ., वि. वि.

तुझ्यावर आधी खूप चिडले. मग सुताराला बोलावलं. जमिनीच्या फळ्याही भुसभुशीत निघाल्या, म्हणजे तुझं खरं होतं. कपाट तोडून मागे जाळलं. भिंत आता सुकते आहे.

फक्त एक सांगते. वास म्हणजे मुक्कामसुद्धा, शहाण्या. तू माझं पत्र नुसतं नाकाने वाचलंस. आता आईचे दोन्ही वास गेले. काल संध्याकाळी सवयीने त्या मोकळ्या भिंतीसमोर जाऊन बसले, पण दिवसभराचं सांगायचं कुणाला? फार एकटं वाटतं रे.

बाटलीतलं पाठवतो म्हणशील, ते नको.

लोभ आहेच. तू असावास.

ताई