पुण्यवानाचं घोरणं

इस्लामपूर

अहो सुभेदारसाहेब,

तुम्ही झोपेत गेलात, तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "पुण्यवान माणूस. कुनाला तरास न्हाई." मीही संस्कृतच्या बाईंना शोभेल असं 'अनायास मरण' म्हणत मान डोलावली.

तुमचं घोरणं मात्र घरातच राहिलं. आपल्या शिवतेजच्या खोलीतून तोच चढावरचा रणगाडा ऐकू यायचा. मग मध्येच शांतता, मग गुदमरून ओढलेला श्वास. कारखान्याच्या वजनकाट्यावर तो बसल्याबसल्या पेंगू लागला, तेव्हा सूनबाई म्हणाली, "आवं आई, ह्यांचा श्वास मधीच थांबतोय." सांगलीच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली आणि निजताना नाकावर लावायचं हवेचं यंत्र दिलं.

पोरगं ऐकेना. "आप्पाबी असंच घोरायचं की. कसं सुखानं गेलं!"

मग मला सांगावं लागलं. "सुखानं नाही रे. चादर त्यांच्या मुठीत आवळलेली होती. ती सोडवताना मला दोन्ही हात लागले."

तो रात्री मुकाट्यानं यंत्र लावून झोपला. सोंडेसारखी नळी, अगदी गणपती दिसत होता. तुम्ही पोट धरून हसला असतात.

काल पहिल्यांदाच घरात कुणी घोरलं नाही. मी भिंतीला कान लावून बसले होते. लेक शांत श्वास घेतोय, साहेब. पण माझ्यापुरते तुम्ही काल गेलात.

तुमची, अजून जागी असलेली,
क्रांती