सर हाल्वर सैतानाच्या नोकरीत

क्नुटसन क्रीक, विस्कॉन्सिन
मार्चमधला सोमवार (बर्फ आहे)

तीर्थरूप आर्डिस आत्या,

वेंडेलचा वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, तरी वाकलो आहे.) ॲरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे सुधारले असतील असं धरून चालतो. इकडे फार वाईट नाही. आई फार वाईट नाही, तुझ्या घराचं छप्पर फार वाईट नाही. व्हर्नचं पित्ताशय काढलं, तेही फार वाईट नव्हतं असं तो म्हणतो. यापलीकडे इथे कोणी काही सांगत नाही, हे तुला मी सांगायला नको.

तुझं कार्ड मिळालं. त्यात तू एकच प्रश्न विचारला आहेस, की तू माझ्यावर सोपवून गेलेला खेळातला सरदार, सर हाल्वर, अजून सज्जन आहे ना. आहे. कालपासून आहे. हे ‘कालपासून’ समजावून सांगण्यासाठी उरलेलं पत्र आहे, तेव्हा चष्मा लाव आणि बस. तू ईस्टरला येशील आणि त्याला तुझ्या त्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या मंडळात घेऊन जाशील. तिथे आठ जण खेळतात आणि आठही चेटके आहेत, म्हणजे सरदाराची गरज आहेच. माल जसा ठेवायला दिला तसा परत करायचा, इतकीच माझी जबाबदारी होती. ती मी फेब्रुवारीत, एका दुपारी, कॉफी पिता पिता घालवली.

तू आखलेला नऊ घरांचा तक्ता गॉर्डीच्या तळघरात घर तापवायच्या भट्टीशेजारी अजून टांगलेला आहे. वरच्या ओळीत सज्जन, मधल्या ओळीत धड हे ना धड ते, खालच्या ओळीत दुर्जन. डावीकडे शिस्तीचे, उजवीकडे बेशिस्त. आपापल्या घरात आपापल्या खेळातल्या पात्राचं बटण. खाली उजव्या कोपऱ्यात, बेशिस्त दुर्जनांत, डार्लीनचं काळं बटण. (ती दिवसभर बालवाडीतल्या मुलांची नाकं पुसते आणि रविवारी दुपारी चेटकीण होऊन गावं जाळते. जाळताना सगळ्यांसाठी लिंबाच्या वड्या करून आणते.) व्हर्नचा घरफोड्या मधल्या ओळीत उजवीकडे. (व्हर्नने दुकानात एक द्राक्ष चाखलं तर तो काउंटरवर जाऊन सांगतो.) आणि वर डावीकडे, शिस्तीच्या सज्जनांत, तुझ्या जुन्या कोटाचं पितळी बटण, सर हाल्वर. ते इतकी वर्षं जागचं हललेलं नव्हतं. त्याच्याखालच्या पुठ्ठ्याचा रंग अजून नवा आहे. हे मला बटण काढल्यावर दिसलं.

झालं असं. खेळात आमची मंडळी डोंगराच्या खिंडीत वादळात सापडली होती. सर हाल्वरचा झगा मागच्याच रविवारी डार्लीनने चुकून पेटवला होता. (ती म्हणते चुकून.) घोडी लंगडत होती. (घोडीचं नाव तू माझ्या आईचं ठेवलंस. आई अजून तो योगायोग समजते.) तेवढ्यात एक खाणावळ आणि दारात मालक. मालकाचं नाव एव्हर्ट. गॉर्डीला बर्फ उडवायची यंत्रं दुरुस्त करता येतात, उत्तम खेळ चालवता येतो, पण नावं सुचत नाहीत, म्हणून त्याच्या राज्यातले राजे, राक्षस आणि सैतान सगळे आपल्या चर्चमधल्या लोकांच्या नावाचे असतात. एव्हर्ट सैतान आहे हे व्हर्नने लगेच ओळखलं आणि मला टेबलाखालून लाथ मारली. मीही ओळखलं होतं. ओळखण्याचा प्रश्नच नव्हता.

एव्हर्टने खुंटीवरचा एक केसाळ कोट काढला आणि म्हणाला, बाहेर फार गारठा आहे, हा घेऊन जा. मी म्हटलं, छे छे, कशाला, फार लांब जायचं नाही. तो म्हणाला, अहो, इथे नुसता लोंबतोय, कोणी घालत नाही. मी म्हटलं, नको हो, खरंच, मला थंडी तशी सोसते. इथे सगळं संपायला हवं होतं. सज्जन माणसाने सैतानाला दोनदा नकार दिला, यापेक्षा जास्त कुठल्याही धर्मात मागत नाहीत. पण गॉर्डीने तिसऱ्यांदा विचारलं. म्हणाला, बघा बुवा, मला तेवढंच बरं वाटेल. आणि मी म्हटलं, बरं, तुम्ही इतकं म्हणताय तर.

गॉर्डीने पेन्सिल खाली ठेवली.

“वेंडेल,” तो म्हणाला, “तू घेतलास?”

“तू तिसऱ्यांदा विचारलंस.”

“अरे, दोनदा विचारून थांबायचं कसं? बरं दिसतं का ते?”

त्याची काही चाल नव्हती, आत्या. सर हाल्वर नकार देईल, एव्हर्ट चिडेल, लढाई होईल, अशी त्याची तयारी होती. लढाईसाठी त्याने चीज कापून ठेवलं होतं. पण तो याच गावचा, मीही याच गावचा. पहिलं ‘नको’ रीत म्हणून, दुसरं खात्री म्हणून, आणि तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं, हे आपण बोलायच्या आधी शिकतो. व्हर्नला विचारलं, तू काय केलं असतंस? त्याने चिजाचा एक तुकडा उचलला आणि म्हणाला, घेतला असता, पण धुऊन परत केला असता.

कराराचं कार्ड गॉर्डीने आधीच लिहून ठेवलं होतं, ते त्याला वाचावं लागलं. जो सैतानाचा कोट आपखुशीने घेईल तो त्याचा चाकर. सुटकेची वाट एकच. सैतान महिन्याकाठी एका रात्री चाकराकडे हिशेब घ्यायला येतो. पहाटेच्या पहिल्या किरणाला तो चाकराच्या दारात सापडला, तर कोट, करार, सगळं रद्द. मग गॉर्डीने स्वतः उठून तुझं बटण वरच्या कोपऱ्यातून काढलं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात लावलं. शिस्तीचा दुर्जन. घरी जाताना गाडीत कोणी बोललं नाही. (गाडीत मी एकटाच होतो, पण एरवी मी बोलतो.)

आता दुर्जन व्हायचं तर नीट व्हावं, म्हणून मी मनापासून प्रयत्न केला. एव्हर्टने सर हाल्वरला नदीवरच्या एका पुलावर जकात घ्यायला बसवलं. पहिल्याच दिवशी एक विधवा बदक घेऊन आली. मी तिच्याकडून बदक जकात म्हणून घेतलं. मग पुलावर निसरडं होतं, म्हणून तिला हात धरून पलीकडे नेलं. पलीकडे गेल्यावर ती एकटी राहते असं कळलं, तेव्हा सोबतीला म्हणून बदक तिला दिलं. गॉर्डीने फासा टाकून ठरवलं की जुलूम झाला खरा, पण विधवेने आभार मानले. डार्लीन माझ्यावर फार चिडली. पुढच्या रविवारी तिने मला एक गोठा जाळायला लावला. मी आधी गाई बाहेर काढल्या. मग गवत बाहेर काढलं, कारण गवताशिवाय गाई काय खाणार. मग म्हटलं, खोगीरंही काढू या. डार्लीन तिच्या बालवाडीच्या आवाजात म्हणाली, “वेंडेल, इकडे बघ माझ्याकडे. आपण काय करायला आलोय? जाळायला. मग जाळायचं कोण? तू. शाब्बास. चल, काडी ओढ बघू.” मी ओढली. ओल्या लाकडाला लागली नाही. ती म्हणाली, प्रयत्न केलास हे महत्त्वाचं, आणि मला लिंबाची वडी दिली.

हे तुला गमतीचं वाटेल, आणि होतंही, पण खाली डावीकडचं बटण दिसू नये म्हणून मी तक्त्याकडे पाठ करून बसायला लागलो होतो. तुला आणायला-पोचवायला मी येत होतो तेव्हा त्या तळघराच्या जिन्यावर बसून राहायचो, अंगातला कोट न काढता. तू फासा टाकायच्या आधी सर हाल्वरच्या शिशाच्या बाहुल्याला बोटाने जरा पुढे सरकवायचीस आणि म्हणायचीस, “हा मागे फिरत नाही.” आता तो माझ्या खिशात असतो. (ढालीवरचा निळा रंग अंगठ्याने थोडा गेला आहे. माझ्याच.) आणि मी त्याला कोटासाठी विकला होता.

तर काल एव्हर्ट हिशेबाला यायचा होता. सगळ्यांनी मिळून बेत केला. व्हर्न त्याच्या बग्गीचं चाक काढणार होता. फासा एकावर पडला आणि त्याने आपल्याच बग्गीचं काढलं. डार्लीनने दारूत गुंगीचं औषध घातलं. एव्हर्टने ती चव फार आवडली असं सांगून दोन पेले जास्त घेतले आणि त्याला काही झालं नाही, सैतानच तो. गॉर्डी रात्र मोजायला बायकोचं अंडी उकडायचं वाळूचं घड्याळ वापरतो. एकदा उलटलं की एक तास गेला. वाळू अजून भरपूर होती. हिशेब आटोपला. एव्हर्टने, म्हणजे गॉर्डीने, दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली आणि म्हणाला, “चला, निघावं आता.”

मी हरलो होतो. पुढचा महिना म्हणजे ईस्टरनंतर. काही सुचत नव्हतं, म्हणून पाहुणा उठल्यावर जे करायचं ते केलं. त्याला दारापर्यंत पोचवायला गेलो. दारात म्हटलं, रस्ता कसा होता येताना? तो म्हणाला, फार वाईट नाही, पण खिंडीत जरा. मी म्हटलं, खिंडीतून जाऊ नका, गिरणीवरून जा. तो म्हणाला, गिरणीवरचा पूल पडला ना. मी म्हटलं, बांधला की, त्या धाकट्याने बांधला. कुठला धाकटा? ज्याचं लग्न मोडलं तो. अरेरे, मोडलं? गॉर्डीने घड्याळ उलटलं. मग मी म्हटलं, थांबा, रिकाम्या हाताने नका जाऊ, आणि आतून ट्यूना-नूडल्सचं भाजलेलं हॉटडिश भांड्यासकट फडक्यात बांधून आणलं. तो म्हणाला, नको, कशाला. मी म्हटलं, मी एकटा कुठे खाणार. तो म्हणाला, नाही हो, खरंच. मी तिसऱ्यांदा म्हटलं. त्याने घेतलं. (भट्टीपाशी डार्लीनने तोंडावर हात ठेवला. मला अजून काही कळलं नव्हतं, देवाशपथ.) मग दारातच उभ्या असलेल्या बग्गीपर्यंत गेलो. बग्गीत बसल्यावर खिडकीतून त्याच्या आईची चौकशी केली. तिला वरच्या हवेचा त्रास होतो म्हणे, म्हणून ती खालीच असते. घोड्यांना काय घालता विचारलं. गॉर्डी खरा माणूस आहे, आत्या. त्याने एकेका विषयाला घड्याळ उलटलं, आपल्या हाताने, कारण वेळ तर जातच होता. आणि तो आयुष्यात कुणाच्या घरून जेवणाइतका वेळ दारात काढल्याशिवाय गेलेला नाही. मी बोलायचा थांबेना, त्याला निघता येईना. तो बग्गीच्या खिडकीतून मला सांगत होता की गिरणीपासून डावीकडे वळू नये, तिथे कुत्रं आहे, तेव्हा डार्लीन हळूच म्हणाली,

“गॉर्डी. उजाडलं.”

गॉर्डीने घड्याळाकडे पाहिलं. कार्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “कुत्रं चावत नाही तसं,” तो म्हणाला, कारण वाक्य अर्धं राहिलं होतं, आणि सैतान बग्गीसकट धूर होऊन गेला.

आम्ही काय ओरडलो! वरून गॉर्डीची बायको धावत आली, तिला वाटलं भट्टी फुटली. व्हर्नने मला मिठी मारली आणि लगेच सोडली. डार्लीन खरोखर रडत होती आणि म्हणत होती की सज्जनपणाचा इतका किळसवाणा विजय तिने कधी पाहिला नाही. बटण गॉर्डीने मला लावायला दिलं. त्या नव्या रंगाच्या गोलावर ते बरोबर बसलं.

तेव्हा सर हाल्वर वर डावीकडे आहे, पूर्वी होता तसा. बाहुला, वीस बाजूंचा फासा आणि त्याचे कागद बुटांच्या खोक्यात भरून ठेवले आहेत. ईस्टरला तू येशील तेव्हा खोकं दाराशीच असेल, तुला थांबावं लागणार नाही. आईचा नमस्कार. उन्हात टोपी घाल.

तुझा भाचा,
वेंडेल

ता.क. एव्हर्ट हॉटडिशचं भांडं घेऊन गेला. गॉर्डी म्हणतो, दुसऱ्याचं भांडं आहे, परत आणून द्यावंच लागेल, आणि रिकामं तर आणता येणार नाही. डार्लीनने एक लाल बटण काढून ठेवलं आहे. एव्हर्टला कुठल्या घरात लावायचं यावर वाद चालू आहे. मी मधल्या घराच्या बाजूने आहे.

दुसरा ता.क. खोकं भरून ठेवलं असं वर लिहिलं. बाहुला त्यात नाही. तो खिशात आहे. ईस्टरपर्यंत भरीन.

तिसरा ता.क. नाताळात तू फोनवर म्हणालीस, वेंडेल, तूच ठेव ना त्याला कायमचा. मी म्हटलं, छे छे, तुझा आहे तो. जानेवारीत कार्डावर पुन्हा विचारलंस. मी लिहिलं, नको, खरंच नको. या वेळच्या कार्डात त्याबद्दल काही नाही. व्हर्न म्हणतो, ॲरिझोनात राहून माणूस रीत विसरतो. मी त्याला सांगितलं, आमची आत्या विसरणार नाही.