समुद्रातली सवत

४ मे
आले एकदाची सासरी! न्यू आयर्लंड बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला यायचं म्हणजे ट्रकच्या मागे बसून हाडं खिळखिळी. पण घर अगदी लाटांच्या तोंडाशी, आणि सासूबाई ओदिलिया हसऱ्या. ब्लासियस, माझा नवरा, इथला नावाजलेला शार्क बोलावणारा. होडीतून करवंट्यांचा खुळखुळा पाण्यात हलवायचा, शार्क जवळ आला की फास टाकायचा. शेजारणी म्हणाल्या, बघ गं, तुलाही खुळखुळा वाजवूनच आणलीय. मी लाजून चूर.

९ मे
ब्लासियस पुरुषांच्या घरात राहायला गेला. समुद्रावर जाण्याआधी तीन दिवस बायकोचं तोंड बघायचं नाही, तिच्या हातचं खायचं नाही. रताळी सासूबाईंनी भाजून पाठवायची. मी फुरंगटले, तर त्या म्हणाल्या, अगं, या घरात थोरली ती पाण्यातली, आपण सगळ्या धाकट्या. त्या हसल्या. मला नाही आलं हसू.

१२ मे
आज किनाऱ्यावरून ऐकलं. ये गं राणी, ये गं माझी लाडकी, म्हणत होता. मला आजवर नुसतं 'अगं' म्हणतो मेला! आली ती एक शार्क मादी, पाठीचा पर फाटलेली. यानं फास टाकलाच नाही. म्हणे, जुनी ओळखीची आहे, दरवर्षी येते. आणि असा हसला! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

१६ मे
ब्लासियस परवापासून परत पुरुषांच्या घरात. आज केलं एकदाचं. सासूबाई झऱ्यावर गेल्या तेव्हा त्यांनी भाजलेली रताळी डुकराला घातली, माझ्या हातची पानात बांधून ठेवली. उद्या समुद्रावरही तो माझाच असेल. बसू दे सटवीला वाट बघत.

१७ मे
होडी आली. रिकामी. वारा नव्हता, लाट नव्हती. फास कोरडा. सासूबाईंनी एवढंच विचारलं, रताळी कुणी भाजली होती. मी म्हटलं, तुम्हीच.

१८ मे
ती इथंच आहे. घरासमोर, उथळ पाण्यात. फाटका पर — हलतच नाही. सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, मारतील. त्या नुसत्या रडल्या.

१९ मे
भर दुपार. पाण्याखालून खुळखुळा — त्याचा आवाज — ये गं राणी, ये गं माझी लाडकी — सासूबाई दंडाला धरून ओरडताहेत, तो नाही गं तो, माझा पोर गेला, कान झाक. मलाही कळतंय. पण कुणाला म्हणतोय? मला की तिला?

ती वळली. खोल पाण्याकडे. आवाज तिच्या मागोमाग —

नाही. तिच्याबरोबर एकटा नाही जाऊ देणार मी त्याला. सासूबाईंचा हात सोडवते आणि —